सव्वा वीत किल्ली आणि डभईचा दरवाजा

आमच्या घरच्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेत शस्त्र म्हणावे असे फारसे काही नसे. एक कट्यार होती, पण ती म्यानातून निघत नसे, म्हणून आम्ही तिच्याविषयी फार आदराने बोलत असू. बायकोची विळी, मुलीची कंपासपेटी, माझी नकाशे काढायची लेखणी, आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल शेल्याच्या घडीवर सव्वा वीत लांबीची लोखंडी किल्ली. हळदकुंकू आधी तिला, झेंडूचे सगळ्यांत मोठे फूल तिला. तिच्या कडीखाली लोखंडातच एक खूण उठवलेली होती. खाली फुगीर, वर निमुळती, डोक्यावर दोन कंगोरे. तो डभईच्या किल्ल्याचा बुरूज, असे आमच्यातले शेंबडे पोरही सांगे. कारण आम्ही डभईचे किल्लेदार! पणजोबांच्याही आधीच्या कुणा पूर्वजाकडे त्या किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाची किल्ली होती आणि तीच ही.

किल्ली सांभाळत माझे काका. वडिलांचे धाकटे भाऊ. उभी नोकरी सरकारच्या पागेत घोड्यांच्या चाऱ्याची नोंद ठेवण्यात गेली. स्वतः घोड्यावर बसल्याचे कुणी पाहिले नव्हते. काकू लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून निवृत्तीनंतर बडोद्याला नागरवाड्यात आमच्याकडेच असत. पागेत त्यांना कुणी कधी मान दिला असेल असे वाटत नाही. पण वाचनालयात पेपर वाचायला गेले आणि कुणी खुर्ची दिली नाही, तर ते शांतपणे म्हणत, "आम्ही डभईचे किल्लेदार. बसू द्या बघू." आणि खुर्ची मिळे.

किल्ली काकांची, पण किल्लीची गोष्ट माझी. दसऱ्याला जेवणे झाली की जमलेले भाऊबंद आणि त्यांची मुले माझ्याभोवती बसत आणि मी पूर्वजाचा पराक्रम सांगे. वेढा पडलेला, शत्रू दाराशी, किल्ली मागतोय, आणि आमचा पूर्वज ती दातांत धरून गावातल्या तलावात उडी मारतो! पहिल्या वर्षी त्याला तीन जखमा होत्या. माझे केस पिकू लागले तेव्हा त्या अकरा झाल्या होत्या आणि एक घोडाही गोष्टीत येऊन गेला होता. मुलगी लहान असताना एकदा म्हणाली, "बाबा, एवढी किल्ली दातांत धरली तर नाकातोंडात पाणी नाही जाणार?" मी तिला म्हणालो, "पूर्वीचे दात वेगळे असत."

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. डभई बडोद्याहून छोट्या गाडीने दोन तासांवर. मी डभईला कधी गेलोच नव्हतो. जाऊन काय बघायचे? मला सगळे माहीतच होते. बरे, मी कामाला सरकारच्या बांधकाम खात्यात. महाराजांनी खेडोपाडी शाळा काढायचे मनावर घेतले, तेव्हापासून दारे-खिडक्यांचे नकाशे उतरवून उतरवून माझ्या बोटांना घट्टे पडले आहेत. कुठल्या दाराला कोयंडा, कुठल्याला अडसर, कुठल्याला कुलूप, हे झोपेतही सांगेन. आणि अशा माणसाने वीस वर्षे कधी विचार केला नाही, की किल्ल्याच्या दाराला कुलूप असते तरी का!

ही सगळी वीस वर्षे सुखात गेली असती. पण काकांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया जमली नाही आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे बघायचे ते बघून घ्या. दुसरा कुणी काशीला निघाला असता. काका रात्रीच्या जेवणाला ताटावर बसले आणि म्हणाले, "मला डभईला ने."

"डभईला? काका, थंडी आहे."

"थंडीत दार गोठत नाही. ती किल्ली एकदा त्या दाराला लावायची आहे. फिरली तर उत्तम. नाही फिरली तर गंज चढलाय म्हणू. पण लागली हे या डोळ्यांनी बघायचंय."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी भातावर तूप घेतले.

"अहो, एवढं म्हणताहेत तर न्या ने," ती म्हणाली. आमच्या घरात बडोद्याचा 'ने' असा कुठेही येऊन बसतो. "आणि तुम्हाला तर तिथला दगडन् दगड ठाऊक आहे."

तिला सगळे माहीत होते. बायकांना असते.

पौषातल्या एका रविवारी आम्ही चौघे निघालो. काकांनी दरबाराला घालायची पगडी घातली होती, जी दरबारात कधी गेलीच नव्हती. किल्ली शेल्यात गुंडाळून मांडीवर. बायकोने दशम्या, लसणाची चटणी आणि घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात तूप घेतले, कारण काकांना तुपाशिवाय दशमी उतरत नाही. मुलगी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात शेवटच्या वर्गात होती. तिने वही-पेन्सिल घेतली. ते मला मुळीच आवडले नाही, कारण वहीत लिहिलेले पुढच्या दसऱ्याला खोडता येत नाही.

गोयागेट स्टेशनावर गाडीत आमच्या समोर एक गुजराती गृहस्थ बसले. कपाळाला मोठा टिळा, खांद्यावर पंचा. बडोद्याला बहिणीकडे आले होते आणि परत निघाले होते.

"काका, आ शुं? तलवार छे?" त्यांनी शेल्याकडे बोट दाखवले.

"चावी आहे," काका म्हणाले. गुजरातीत मराठी आणि मराठीत गुजराती बोलायची त्यांची सवय. "डभोईना किल्लानी. हिराभागोळनी."

हिराभागोळ म्हणजे डभईचा पूर्वेकडचा दरवाजा, किल्ल्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत देखणा. भागोळ म्हणजे गुजरातीत गावाची वेस.

"हिराभागोळनी चावी?" गृहस्थ पुढे सरकले. "हुं त्यांज रहुं छुं. दरवाजाला लागून माताजींचं देऊळ आहे ने, त्याचा पुजारी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर तुरीची शेते पाहू लागलो. तुरीच्या शेतात इतका वेळ पाहण्यासारखे काही नसते.

वाटेतल्या एका स्टेशनात इंजिन पाणी प्यायला थांबले. मी पाय मोकळे करायला उतरलो, तसे पुजारीही उतरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, त्यां तो बारणांज नथी."

"काय नाही?"

"दारं. दारंच नाहीत तिथं. कमान आहे, भिंत आहे, माताजी आहेत. दारं माझ्या बापानेही पाहिली नाहीत. काका चावी कशाला लावणार?"

परत डब्यात चढून बसलो तर काका शेल्यावरून हात फिरवत नातीला सांगत होते, "तुझ्या बाबांची ती तलावातली गोष्ट आहे ना, तो तलावही बघायचा हं. अकरा जखमांनिशी पोहला बिचारा." मुलीने वहीत 'तलाव' असे लिहिले. पुढचा सगळा वेळ गाडीने मुद्दाम धीमे चालावे अशी मी प्रार्थना केली आणि त्या गाडीने, तिच्या स्वभावाप्रमाणे, ती मानलीही. तरी शेवटी डभई आलीच.

पुजारी बरोबर होते, म्हणून आम्ही चालतच निघालो. गावात शिरायचा बडोद्याकडचा दरवाजाच पाहून मी पहिल्यांदा गप्प झालो. किल्ला सहा-सातशे वर्षांचा. गुजरातेत राजपूत राजे होते तेव्हाचा. मग सुलतान आले, मोगल आले, मराठे आले, प्रत्येकाने तो घेतला आणि प्रत्येकाला तो सोडावा लागला. तटाची भिंत आता सलग नाही. मधेच पुरुषभर उंच, मधेच गुडघ्याएवढी, मधेच नाही. मग एखाद्या घराच्या जोत्यात नाचणारी बाई दिसते, विहिरीच्या काठावर हत्तीचे अर्धे तोंड दिसते, तेव्हा कळते की तट गेला नाही, गावात पांगला आहे. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी चक्क दगडी मगरीवर बसून तांदूळ निवडत होती. आमच्या खात्यात एवढा दगड कुणी उचलून नेला तर केवढी कागदपत्रे झाली असती! पण मला खरेच वाटले, की इमारतीने मरायचेच असेल तर असे मरावे, घराघरात जाऊन.

आणि मग हिराभागोळ आली.

दिवसभर नकाशे उतरवणाऱ्या माणसाला उंचीचे कौतुक राहत नाही, तो आकडा होऊन जातो. पण त्या दरवाजापुढे मला आकडा सुचेना. खालपासून वरपर्यंत रिकामा दगड म्हणून नाही. हत्तींची रांग, त्यावर घोड्यांची, त्यावर लढणारे, नाचणारे, वाजवणारे, झाडाखाली उभ्या बायका, आणि एवढ्या गर्दीत कुणाचा कुणाला धक्का नाही. दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिले. गेले नाही. आम्ही चुन्याची जाडी नकाशात लिहून देतो, तरी शाळांच्या भिंतीतून पावसाळ्यात विंचू निघतात. इथे चुना कुठे दिसतच नव्हता. मी पगडी घालत असतो तर त्या गवंड्यापुढे उतरवली असती.

"दार कुठंय?" काका म्हणाले.

ते कमानीच्या मधोमध उभे होते. पगडी सावरलेली, किल्ली शेल्यातून काढून उजव्या हातात. ज्या डोळ्याला थोडे दिसत होते तो बारीक करून ते पुढे पाहत होते आणि पुढे, जिथे दार असायला हवे तिथे, एक बैलगाडी कडब्याचे भारे घेऊन आरामात आत येत होती.

"दार... दुरुस्तीला नेलंय, काका," मी म्हणालो.

"कुणी?"

"सरकारनं."

"कुठल्या खात्यानं?"

"आमच्याच."

"मग निघताना तुला माहीत नव्हतं?"

मुलीने वही मिटली. बायको देवळाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिचे हसू की रडू मला दिसू नये.

काका भिंतीपाशी गेले. त्यांनी हात टेकला आणि चाचपत खाली नेला. जमिनीपाशी दगडात एक गोल खळगा होता. "ही उखळी," ते म्हणाले. "दाराचा खुंट हिच्यात फिरायचा." मग हात वर वर आला आणि कमरेच्या उंचीवर एका चौकोनी भोकात कोपरापर्यंत गेला. त्यांनी पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिले. समोरासमोर तसेच भोक.

"अडसर," ते म्हणाले. "आमच्या पागेच्या दारांना होता तसाच. फक्त हा दहा माणसांनी सरकवायचा. आतून." मग माझ्याकडे वळले. "या दाराला कुलूप नव्हतंच रे कधी."

मी म्हणालो, "काका, ती दातांतली किल्ली, तलाव, घोडा, ते सगळं मी..."

"ते तू रचलंस हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मला वाटलं, मुलं रमतात. पण किल्लेदारी मी नव्हती रचली. मला वडिलांनी सांगितली होती." ते तिथेच एका पडक्या दगडावर बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली. तिच्याशिवाय त्यांचे डोके फार लहान दिसले. "आता वाचनालयात काय सांगू?"

त्या प्रश्नाने मला जेवढे लाजवले तेवढे आयुष्यात कशाने लाजवले नाही. माझ्या वीस वर्षांच्या गोष्टीने या माणसाला दर दसऱ्याला एकेक पायरी वर चढवले होते आणि मी खाली पाहिलेसुद्धा नव्हते.

तेवढ्यात पुजाऱ्यांनी किल्ली त्यांच्या हातातून घेतली. उन्हात धरली, अंगठ्याने कडीखालची खूण चोळली. "आ तो कोठारनी चावी," ते म्हणाले आणि देवळात गेले. परत आले ते हातात दुसरी किल्ली घेऊन. आमच्यापेक्षा थोडी आखूड, पण घडण तीच, कडी तीच. तिच्या कडीखाली धान्याचे कणीस होते.

ते सांगू लागले. ही देवळाच्या जुन्या कोठाराची. दरवाजाच्या आतल्या अंगाला पूर्वी गढीची कोठारे होती. पहारेकऱ्यांना अक्षरओळख नसे, म्हणून किल्लीवर चित्र काढत. धान्याला कणीस. "अने आ जुओ. आ घीनो घाडवो."

"काय?" काका म्हणाले.

मुलीने किल्ली हातात घेतली आणि उलटी-सुलटी करून पाहिली. "आजोबा! बुरूज नाही हा. तुपाचा बुधला आहे! हे फुगीर पोट, ही मान, आणि हे वरचे दोन कंगोरे म्हणजे धरायचे कान!"

पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या बुधल्याला हळदकुंकू वाहून बुरूज म्हणत आलो होतो. आणि मी, ज्याला समोरून काढलेली आकृती वाचायचा पगार मिळतो, मी मुलाबाळांना त्याचे कंगोरे मोजून दाखवत असे! बायकोला आता हसू आवरेना. "किल्लेदार कसले," ती म्हणाली, "तुपाच्या कोठीवाले! तरीच सगळ्यांना एवढं तूप लागतं."

मी तिला डोळ्यांनी दटावले. काकांनी मात्र किल्ली मुलीच्या हातातून परत घेतली. ते किल्लीवरच्या त्या खुणेवरून अंगठा फिरवत होते, जसा आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवील.

पुजारी भले माणूस. विषय बदलावा म्हणून ते दरवाजाची गोष्ट सांगू लागले. ज्या गवंड्याने हा दरवाजा बांधला आणि ज्याच्या नावाने तो हिराभागोळ झाला, त्याच्यावर आळ आला. त्याचे एका बाईवर मन होते आणि तिच्यासाठी किल्ल्याचा दगड चोरून त्याने तलाव बांधला. राजाने त्याला याच भिंतीत जिवंत चिणले. पण दगडांत एक फट राहिली होती. ती बाई रोज येई आणि त्या फटीतून तूप ओती. पुढे दरवाजाचे राहिलेले काम कुणाला जमेना. राजाला पश्चात्ताप झाला, त्याने भिंत फोडली, तर आत गवंडी जिवंत.

"कुठली फट?" काकांनी विचारले.

पुजाऱ्यांनी दाखवली. दोन दगडांमधली बोटभर भेग, पोरांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेली. काका उठले. भेगेत बोट घालून पाहिले. मग वळून पुजाऱ्यांना म्हणाले, "एक सांगा. ती बाई रोज तूप आणायची. कुठून?"

"म्हणजे?"

"गढीत तूप कुठं असतं? कोठीत. कोठीला कुलूप. मग रोज कोठी उघडून तिला तूप दिलं कुणी? राजाच्या नाकाखाली?"

मी हिशेब करत होतो. गवंडी सहा-सातशे वर्षांपूर्वीचा आणि आम्ही मराठे इकडे आलो त्याच्या कितीतरी शतके नंतर. आमचा कोठीवाला पूर्वज आणि ती बाई यांची गाठ पडणे देवालाही जमले नसते. मी तोंड उघडले. मुलीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की ते तसेच मिटले. वीस वर्षे बोलायला नको तिथे बोलून झाले होते. एकदा गप्प बसलो तर काय बिघडणार होते?

"कोणी तरी आप्युंज हशे," पुजारी हळू म्हणाले. दिलेच असेल कुणीतरी.

"असेल नाही, दिलंच," काका म्हणाले. "किल्लेदार काय रे, माणसं आत कोंडतो. आत कोंडलेल्याला जगवायला कोठीवालाच लागतो. सूनबाई, तो डबा दे."

बायकोने मुकाट्याने पितळी डबा दिला. थंडीने तूप थिजले होते. काकांनी डबा उन्हात दगडावर ठेवला आणि आम्ही सगळे, पुजारीसुद्धा, तूप पातळ होण्याची वाट पाहत बसलो. तो वेळ मला फार सुंदर आठवतो. वरच्या हत्तींवर ऊन सरकत होते, आणि एवढा राजेशाही दरवाजा बांधून घेणाऱ्याचे नाव मला त्या क्षणी आठवत नव्हते. बांधणाऱ्याचे मात्र दगडावर न लिहिताही सगळ्या गावाला ठाऊक होते.

तूप विरघळले. काकांनी पगडी घातली. डाव्या हातात किल्ली धरली आणि उजव्या हाताने चमचाभर तूप त्या भेगेत सोडले. ते आत गेले. खरेच गेले, बाहेर ओघळ आला नाही.

"लागली," काका म्हणाले. किल्ली कुठेच लागली नव्हती. पण आम्ही कुणी तसे म्हणालो नाही.

दशम्या त्या दिवशी कोरड्याच खाल्ल्या, कारण उरलेले तूप त्यांनी पुजाऱ्यांना माताजींच्या दिव्यासाठी देऊन टाकले.

उन्हाळा येईपर्यंत काकांचा दुसरा डोळाही गेला. दसऱ्याला किल्ली तशीच लाल शेल्यावर होती, फक्त तिच्यासमोर तुपाची वाटी आली होती. जेवणे झाल्यावर मुले सवयीने माझ्याकडे वळली, तर काका म्हणाले, "आज मी सांगतो," आणि त्यांनी सांगितली. वेढा नाही, जखमा नाहीत, घोडा नाही. एक माणूस, एक कोठी, एक चमचा तूप आणि एक भिंत. मी वीस वर्षांत मुलांना इतके गप्प बसलेले पाहिले नव्हते. मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

वाचनालयात ते आता खुर्ची मागत नाहीत. मुलगी हात धरून नेते, लोक आपणच उठतात. आणि घरी रोज जेवायला बसले, की आमच्या पानांवर तूप वाढून होईपर्यंत ते घास घेत नाहीत. न दिसणाऱ्या डोळ्यांनी पंगतीवरून नजर फिरवल्यासारखी करतात आणि विचारतात, "सगळ्यांना पोचलं का?"